लॅमिनेट केलेला डाव

कोपरच्या मधुकाका बेहेऱ्यांना देवाने बुद्धी दिली, समंजस बायको दिली, डोंबिवली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात खरेदी खात्याची नोकरी दिली. फक्त धीर तेवढा द्यायचा राहून गेला. खरेदी खात्यात हा अवगुण खपून गेला, उलट तिथे त्याचा दबदबाच होता. नमुना पाहिल्याशिवाय माल घ्यायचा नाही आणि माल मोजल्याशिवाय सही करायची नाही, हा त्यांचा खाक्या होता. निवृत्तीनंतर मोजायला माल उरला नाही, पण सवय काही सुटली नाही.

त्यांचा सगळा जीव एकाच गोष्टीत होता, मेंढीकोटात. सोसायटीच्या जिन्याखाली चौघांचा अड्डा वर्षानुवर्षं जमत असे. मधुकाका, पोस्टातून निवृत्त झालेले आबा पगारे, हार्डवेअरचं दुकान चालवणारे हितेशभाई आणि तिसऱ्या मजल्यावरचा त्र्यंबक. खेळ तसा सरळ. बावन्न पानं चौघांत वाटायची, समोरासमोर बसणारे दोघे एकमेकांचे भिडू, आणि चार दश्श्या, म्हणजे चार मेंढ्या, आपल्या बाजूला ओढायच्या. चारही ओढल्या की समोरच्यांवर कोट चढला. भिडूने एखादं चुकीचं पान टाकलं की मात्र मधुकाकांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "अरे, बदाम संपलेत त्याच्याकडचे! मागच्या हाताला काय डुलक्या काढत होतास?" हे वाक्य जिन्यावरून जाणाऱ्या दूधवाल्यालाही पाठ झालं होतं. आबा हसून सोडून देत. त्र्यंबक आठवडाभर रुसत असे, मग परत येत असे, कारण जाणार कुठे?

पुढे आबा गेले. त्र्यंबक मुलाकडे पुण्याला राहायला गेला. हितेशभाईंचे गुडघे दुखायला लागले आणि त्यांनी जिन्याखाली बसणं सोडलं. अड्डा मोडला आणि मधुकाका एकटे पडले. त्यांनी मोबाइलवर मेंढीकोट खेळून पाहिला, पण मोबाइलमधल्या भिडूला चार शब्द सुनावता येत नाहीत, मग त्यात मजा ती काय? बागेतल्या हास्य मंडळातही एक दिवस जाऊन आले. कुणी विनोद न करता वीस माणसं हात वर करून हसतात, हे त्यांना सहन झालं नाही.

शेवटी ते स्वयंपाकघरात शिरले. तेव्हा सरोजकाकूंनी ठाण्यातल्या बाळकुमला राहणाऱ्या भाचीला, आसावरीला, फोन लावला.

"अगं, तुझ्या मामाला कुठेतरी घेऊन जा बाई. आज त्यांनी माझ्या कुकरच्या शिट्या मोजल्या आणि म्हणाले, तू एक जास्त करतेस."

आसावरी बँकेत नोकरी करणारी, मोकळ्या स्वभावाची मुलगी. ती म्हणाली, "मामी, आमच्या कॉम्प्लेक्सच्या खाली एक कॅफे आहे. दर रविवारी आम्ही तिथे पत्ते खेळतो. आणू का त्याला?"

पत्ते! मधुकाकांना तेवढा एक शब्द पुरला. रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून ते सकाळपासून तयार होते. आसावरी गाडी घेऊन आली, माणकोलीच्या पुलावरून दोघे बाळकुमला गेले, आणि वाटभर मधुकाका तिला पुलाच्या उताराला वळण कसं चुकीचं दिलंय ते समजावत राहिले. मनातून मात्र ते हरखले होते. चौथा भिडू हवा असणारी तीन माणसं कुठेतरी बसली आहेत, या कल्पनेनेच त्यांना बरं वाटत होतं.

कॅफेत चार-पाच टेबलं होती आणि प्रत्येक टेबलाशी तिशीची पोरं. एका टेबलाशी एक खुर्ची रिकामी होती. तिथला दाढीवाला मुलगा म्हणजे सुश्रुत, या रविवारच्या मंडळाचा चालक. मृदू बोलणारा, कधी कुणाला नाही न म्हणणारा.

"बसू का? चौथा हवाय ना?" मधुकाकांनी विचारलं.

"बसा ना काका! तुमचा डेक आणलाय?"

"माझा काय आणायचा? वाटा की मलाही."

मग सुश्रुतने हळूहळू समजावून सांगितलं. हा खेळ वेगळा. यात ड्रॅगन असतात, जादूगार असतात, किल्ले असतात, आणि मुख्य म्हणजे मधोमध एक कॅट ठेवून ती सगळ्यांना वाटायची अशी पद्धतच नसते. ज्याने त्याने आपापले पत्ते जमवायचे, त्यातून निवडून आपला डाव घरूनच बांधून आणायचा.

"म्हणजे आपापले पत्ते आपण घरून आणायचे?"

"हो."

"मग उद्या ह्याने चार एक्के आणले तर?"

"काका," सुश्रुत नम्रपणे म्हणाला, "तोच तर खेळ आहे."

मधुकाकांनी आसावरीकडे अशा नजरेने पाहिलं की ती कॉफी सांगायच्या निमित्ताने उठून गेली.

तरीही त्यांनी पेटी घेतली. नवशिक्यांसाठी म्हणून एक पेटी कॅफेतच मिळायची. तेवढ्या पैशांत पूर्वी अख्ख्या सोसायटीला पुरतील इतक्या कॅट आल्या असत्या, पण मधुकाका म्हणाले, ठीक आहे, एकदाच तर घ्यायचीय. हा त्यांचा पहिला गैरसमज. पेटीतली पानं घेऊन ते प्रियांकाशी खेळायला बसले. प्रियांका कल्याणची, एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम करणारी, बोलायला फटकळ पण मनाने साफ. मधुकाकांनी विचार करकरून एक सैनिक उतरवला. प्रियांकाने एक पान टाकलं आणि मधुकाकांच्या हातातली सगळी पानं त्यांना टाकून द्यावी लागली.

"हे पान माझ्या पेटीत का नाही?"

"ते पाकिटात येतं काका."

"कुठल्या पाकिटात?"

"ती पाकिटं वेगळी विकत मिळतात. लागलं तर लागतं."

काउंटरवर चकचकीत बंद पाकिटं लटकवलेली होती. आत कोणती पानं आहेत ते घेणाऱ्याला कळत नाही, विकणाऱ्यालाही कळत नाही, आणि फोडल्यावर परत करता येत नाही. जन्मभर नमुन्याशिवाय खिळा न घेतलेल्या माणसाला हे ऐकून घाम फुटला.

"अहो, भाजीवाला कधी म्हणतो का, ही पिशवी घ्या, आत भेंडी निघेल नाहीतर गवत? आणि मी पैसे मोजायचे? हुकमाचा एक्का नशिबाने यावा लागतो की हो! तो विकत घ्यायचा म्हणजे खेळ कसला, ही तर हुंडापद्धत झाली!"

"मी पण सुरुवातीला असंच हरलेले, मामा," आसावरी म्हणाली. "सहा महिने जातात."

"सहा महिने फक्त मार खायला?"

परतीच्या वाटेवर त्यांनी शपथ घेतली की पुन्हा या वाटेला जाणार नाही. आणि पुढच्या रविवारी पुन्हा इस्त्रीचा शर्ट घालून तयार राहिले. झालं होतं एवढंच, की निघताना सुश्रुतने दारापर्यंत येऊन विचारलं होतं, "पुढच्या रविवारी येताय ना काका?" आबा गेल्यापासून हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. डॉक्टर विचारायचे, पण ते वेगळ्या कारणासाठी.

मग मधुकाका त्या खेळाच्या मागे हात धुऊन लागले. नियमांचं इंग्रजी पुस्तक भिंग लावून वाचलं. सरोजकाकूंचा डोळा चुकवून पाकिटं आणू लागले. दुपारी काकूंचा डोळा लागला की न्हाणीघरात जाऊन पाकीट फोडायचे, कारण कागदाचा आवाज फार होतो. आणि दर पाकिटात बेडूक निघायचा. हिरवा, फुगीर, कसल्याही उपयोगाचा नसलेला बेडूक. "बेडकांची पैदास करतोय मी," ते आसावरीला फोनवर सांगत. "उद्या कुणाला डबकं हवं असेल तर विचार." हरणं चालूच होतं. जिंकायला हवी ती पानं त्यांच्याकडे नव्हती, आणि ज्यांच्याकडे होती ती मंडळी फार प्रेमाने त्यांना हरवत होती. कुणी म्हणे, "काका, माझा एक जुना डेक घ्या ना." पण उसन्या पत्त्यांवर खेळायचं त्यांच्या मानी स्वभावाला पटेना.

एका रविवारी मात्र चमत्कार झाला. कॅफेतच पाकीट फोडलं आणि आतून सोनेरी कडेचा ड्रॅगन निघाला. टेबलांवरची सगळी पोरं उठून भोवती जमली. कुणी फोटो काढले. एकजण "काका, कडक!" असं ओरडला. मधुकाकांची छाती फुगली. सुश्रुतने ते पान दोन बोटांत कडेने धरलं आणि म्हणाला, "काका, हे फार जपा हं. आणि पुढच्या रविवारी आपली लीग आहे, तुमचं नाव घातलंय मी. फक्त सगळ्या पत्त्यांना प्लॅस्टिक घालून आणा. त्याशिवाय लीगमध्ये घेत नाहीत."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना. एकसारखं."

आता मधुकाका बेहेरे हे कसे गृहस्थ होते, तर ज्यांचं रेशनकार्ड लॅमिनेट केलेलं, दहावीची गुणपत्रिका लॅमिनेट केलेली, मिक्सरची वॉरंटी लॅमिनेट केलेली, आणि एकदा तर वीजबिलही. कागद जपायचा म्हणजे काय करायचं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. सोमवारी सकाळी ते स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले, बाजूला उभे राहून एकेक पान स्वतः मशीनमध्ये सरळ जातंय की नाही ते पाहिलं, आणि कडा एकसारख्या कापून घेतल्या. कोपरे गोल करायचे जास्तीचे पैसेही दिले. बेडूकसुद्धा लॅमिनेट झाले. घरी आल्यावर त्यांनी सरोजकाकूंना ड्रॅगन दाखवला. आता लपवायचं कारण नव्हतं, जिंकायची वेळ आली होती.

"छान झालंय हो," काकू म्हणाल्या. "पाणी सांडलं तरी काही होणार नाही."

लीगच्या दिवशी मधुकाकांनी टेबलावर आपला डाव ठेवला. तो विटेएवढा जाड झाला होता. पिसायला घेतला तर पानं एकमेकांवरून घसरून टेबलभर पसरली, दोन खालीही पडली, आणि फरशीवर टकटक वाजली.

सुश्रुत पुढे आला. त्याने एक पान उचललं. दिव्यासमोर धरलं. मग ड्रॅगन उचलला आणि त्याचा चेहरा असा झाला की मधुकाकांना वाटलं, याच्या घरी काही वाईट घडलं असावं.

"काका… तुम्ही हे लॅमिनेट केलंत?"

"तूच म्हणालास ना प्लॅस्टिक घाला म्हणून!"

"प्लॅस्टिक म्हणजे… अशी पिशवी असते काका. छोटी. पान त्यात सरकवायचं. परत काढता येतं." त्याने आपलं एक पान पातळ पिशवीतून काढून दाखवलं. "याच्या तर कडा कापल्यात."

"मग?"

"मग आता हे पान… म्हणजे, पान म्हणून धरत नाहीत."

मागून कुणीतरी फुस्सकन हसलं आणि प्रियांकाने त्याला कोपर मारलं. सुश्रुतने फार सांभाळून सांगायचा प्रयत्न केला. कापलेली पानं लीगमध्ये चालत नाहीत, पाठीवरून ओळखता येतात. ड्रॅगनला आता बाजारात किंमत राहिली नाही. आणि तसंही, काकांना वाईट वाटू नये म्हणून तो म्हणाला, त्या पेटीतली पानं पुढच्या महिन्यापासून लीगमधून बादच होणार होती, कारण नवा संच येतोय.

ते ऐकलं आणि मधुकाकांचा बांध फुटला.

"बाद? दही आहे का ते, मुदत संपायला? तीन महिने मी ती कॅट शिकतोय! पेटी घेतली तर म्हणता पाकिटं वेगळी. पाकिटं घेतली तर म्हणता पिशव्या वेगळ्या. तुमच्या ह्या बाळकुमच्या बिल्डरसारखं झालं हे! फ्लॅट घ्या, पार्किंग वेगळं, क्लबहाऊस वेगळं, आणि राहायला आलात की सांगणार, ही इमारत पुढच्या महिन्यापासून पाडणार! अरे, नवा माणूस तुमच्यात येऊन बसतो म्हणजे काय गुन्हा करतो? त्याला आधी 'बस' म्हणायचं की त्याचा खिसा चाचपायचा? आमच्यात एक कॅट असायची. कुणी आणली हेसुद्धा आठवायचं नाही. इस्पिकची राणी हरवलेली, तिच्या जागी लग्नपत्रिकेचा तुकडा. त्यावर आम्ही वर्षं काढली! पान कुणाचंच नव्हतं, म्हणून सगळ्यांचं होतं!"

त्यांचा आवाज शेवटी कापला. मधुकाका आपली घसरडी पानं गोळा करू लागले, आणि एवढ्या बडबडीनंतर त्यांना एकच गोष्ट टोचत होती, की आता पुढच्या रविवारी जायला कुठलीच जागा उरली नाही.

तेवढ्यात सुश्रुत काउंटरमागे गेला आणि कपाटातून साध्या पत्त्यांची एक कॅट घेऊन आला. "काका, लीग होत राहील. आम्हाला तुमचा खेळ शिकवा ना."

मधुकाकांना आधी पटेना. मग ते खुर्चीत सावरून बसले. चेहऱ्यावरचा आनंद त्यांना लपवता आला नाही, आणि त्यांनी तो लपवलाही नाही. सुश्रुत आणि आसावरी एका बाजूला, ते आणि प्रियांका एका बाजूला. त्यांनी पिसलं, वाटलं, हुकूम म्हणजे काय, उतारी कुणाची, मेंढी कशी राखायची, सगळं सांगितलं. प्रियांका हसत हसत शिकली. पहिले दोन हात छान गेले.

तिसऱ्या हाताला आसावरीने बदाम एक्का उतरला. प्रियांकाने त्याच्यावर बदाम दश्शी टाकली. मेंढी सरळ समोरच्यांच्या पदरात. आणि पुढच्या बदामाला तिने निरागसपणे बदाम तिर्री टाकली.

"अगं!" मधुकाका जवळजवळ उभेच राहिले. "तिर्री होती तुझ्याकडे! तिर्री हातात धरून दश्शी देतेस? एक्का पडलाय समोर, डोळे आहेत की बटणं? आत्ताच सांगितलं ना मी? ऐकायचंच नसेल तर बसायचं कशाला?"

प्रियांकाने आपली पानं पालथी ठेवली. तिचा चेहरा उतरला होता, पण आवाज शांत होता.

"काका, आमच्या खेळात आत यायला पैसे पडतात, मान्य. तुम्ही बोललात ते सगळं खरं आहे. पण इथे तीन महिने तुम्ही चुकताय. तुम्हाला असं कुणी बोललं का? तुमच्या खेळात पत्ते फुकट आहेत, पण चुकायची सोयच नाही."

आसावरी काचेबाहेर बघायला लागली. सुश्रुतने मोबाइल काढला, त्यात काही नव्हतं तरी. प्रियांकाची खुर्ची जराशी मागे सरकली आणि पायांचा कर्कश आवाज झाला. मधुकाकांना राग आला. मग लाज वाटली. मग लाज वाटली म्हणून पुन्हा राग आला. चूक ती चूकच होती. दश्शी गेली ती गेलीच. या मुलीला शिकवायचं नाही तर काय ओवाळायचं? पण खुर्ची मागे सरकली होती, हे त्यांनी पाहिलं होतं. आणि त्र्यंबक पुण्याला जाताना, सामान टेम्पोत चढवून झाल्यावर, एकदाही वळून जिन्याखाली आला नव्हता, हे त्यांना उगीचच आठवलं.

"वाट," ते प्रियांकाला म्हणाले. "पुन्हा वाट. हा डाव सोडून दे."

तिने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, खुर्ची पुढे ओढली आणि पानं पिसायला घेतली.

दुसरा डाव मधुकाकांना सोन्यासारखा आला. हुकूम चौकट ठरला. दोन मेंढ्या आधीच त्यांच्या बाजूला होत्या. त्यांनी इस्पिकचा एक्का उतरला. सुश्रुतने इस्पिकची पंजी टाकली. आता प्रियांकाकडे इस्पिक नव्हतं. तिने काहीही फालतू पान टाकायचं होतं, एक्का त्यांचाच होता, हात त्यांचाच होता. प्रियांकाने खूप विचार केला, ओठ चावला आणि मोठ्या आत्मविश्वासाने हुकमाची दश्शी मारली. आपल्याच भिडूचा एक्का कापला. आसावरीकडेही इस्पिक नव्हतं. तिने मामाकडे घाबरून पाहिलं, आणि हुकमाचा गुलाम टाकून एक्का, मेंढी, सगळं गोळा केलं.

मधुकाकांच्या मानेची शीर टरारून फुगली. हात टेबलावर आपटायला वर गेला आणि तिथेच थांबला. कान लाल झाले. तोंड उघडलं. जन्मभरात भिडूने केलेली एवढी भयंकर चूक त्यांनी पाहिली नव्हती, आणि त्या चुकीला शोभतील असे शब्द त्यांच्याकडे भरपूर होते.

"काका," प्रियांकाने विचारलं, "चुकलं का माझं?"

"चुकलं," मधुकाका म्हणाले. पुढचं सगळं त्यांनी आवंढ्याबरोबर गिळलं, ते गिळताना डोळ्यांत पाणी आलं, आणि वर केलेला हात त्यांनी सावकाश खाली आणून पानांवर ठेवला. "उतर, आसावरी. तुझी उतारी आहे."